शब्दाला हवा वाक्याचा शेजार

‘ब्रेक म्हणजे तोडणे.’ मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाच्या इंग्रजीच्या वहीत हा शब्दार्थ सापडेल. त्यात चूक काही नाही. पण बीड जिल्ह्यातला एखादा मुलगा तो पाठ करून ‘माझे वडील ऊस तोडतात’ हे वाक्य इंग्रजीत करायला बसला, की पंचाईत होते. ‘माय फादर ब्रेक्स शुगरकेन’ असे तो लिहून मोकळा होतो. शब्दार्थ बरोबर, वाक्य मात्र चुकले!

दोष मुलाचा नाही. आपली मराठी ऊस तोडते, फूल तोडते, कुलूप तोडते आणि वेळ आली तर नातेही तोडते. सगळीकडे क्रियापद एकच. इंग्रजी मात्र उसाला ‘कट’ म्हणते, फुलाला ‘प्लक’ आणि कुलपाला ‘ब्रेक’. ‘चालणे’ घ्या. पोर चालते, घड्याळ चालते, साखर कारखानाही चालतो. ‘चालणे म्हणजे वॉक’ एवढेच घोकलेल्या मुलाचा कारखाना पायी फिरायला निघाला, तर नवल कसले?

एका शब्दापुढे एक अर्थ लिहिण्याची ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. खरे तर जाणत्यांनी तिचा धोका फार पूर्वी ओळखला होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात नुसते प्रतिशब्द नाहीत, शब्द कोणत्या वाक्प्रचारात कसा वापरतात तेही ठिकठिकाणी दिले आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. तिथेही शब्दांच्या मागोमाग भाषांतरासाठी वाक्ये असतच. पुढे जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी या शिक्षकाने परभाषक विद्यार्थ्यांची अडचण ओळखून सहकाऱ्यांसह एक कोश रचला. १९४२ साली तो टोकियोत छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. शब्दाचा अर्थ सांगायचा आणि तो वाक्यात कसा बसतो तेही दाखवायचे, ही त्याची रीत. १९८७ सालच्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली.

बीडसारख्या जिल्ह्यात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या फडांवर जातात. ‘पट्टा पडला’, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच दिवसांत येते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहतात, तर काही आईवडिलांबरोबर कोपीवर जातात. मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून असणारे इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आले. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या खंडाचा फटका आता पहिल्याच वर्षापासून बसू लागला. अशा खंडात पाठ केलेली यादी टिकत नाही. ज्या वाक्यात आपली माणसे, आपला बैल, आपला कोयता आहे, ते वाक्य मात्र सहजी पुसले जात नाही.

आता ‘ॲडव्हान्स’ हा शब्द पाहा. ऊसतोडीच्या गावांत तो शाळेत न गेलेल्यांनाही ठाऊक आहे. त्याचा अर्थ ‘उचल’, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम. पुस्तकात तोच शब्द ‘पुढे सरकणे’, ‘प्रगती’ या अर्थाने भेटतो, तेव्हा मूल गोंधळते. त्याला तीन वाक्ये द्यावीत. ‘वडिलांनी ॲडव्हान्स घेतला.’ ‘सैन्य ॲडव्हान्स झाले.’ ‘येणार असाल तर इन ॲडव्हान्स कळवा.’ पैसे आधी येतात, सैन्य पुढे जाते, निरोप आधी पोचतो. तिन्हींतला ‘पुढे’, ‘आधी’ हा धागा मुलाच्या आपोआप ध्यानात येतो.

गंमत अशी की ‘मुकादम’ हा शब्दही मूळचा ‘पुढे असलेला’ याच अर्थाचा. तो अरबीतून आला. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, शिक्षणात आणि कारभारात उर्दूचा वरचष्मा होता. परकी भाषा पचवण्याची ताकद या मातीत नवी नाही. मात्र जे शब्द रोजच्या व्यवहारातल्या वाक्यांत वावरले, तेच इथे रुजले.

आणि उचल फिटत नाही तोवर ‘ॲडव्हान्स’ माणसाला पुढे जाऊ देत नाही, तर बांधून ठेवतो. या एका शब्दाचे दोन अर्थ समजणे म्हणजे आपल्या घराची परिस्थिती समजणेही आहे.

मग घरात काय करता येईल? आईवडिलांना इंग्रजी यायलाच हवे असे नाही. मुलाने रोज तीनच शब्द घ्यावेत. प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहावा आणि खाली घरातल्या, शेतातल्या, फडावरच्या गोष्टीचे एक वाक्य. संध्याकाळी आईने एवढेच विचारावे, ‘याचं वाक्य काय केलंस? मराठीत सांग.’ वाक्य खरे आहे की नाही, हे तिच्याइतके कोणाला कळणार? इंग्रजीतली चूक नंतर गुरुजी दुरुस्त करतील. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला नव्वद शब्द होतात. वही कोपीवर गेली तरी अभ्यास थांबत नाही, कारण वाक्ये करायला लागणारे सामान तिथे भरपूर असते. मोळी, वाढे, बैलगाडी, पहाटेची थंडी, शेकोटी.

मोठमोठे शब्द फेकता येणे म्हणजे इंग्रजी येणे नव्हे. आपल्या आईबापाचे काम परक्या भाषेत नीट, न चुकता सांगता येणे, ही त्याची खरी सुरुवात. ‘माय फादर कट्स शुगरकेन’ हे चार शब्दांचे वाक्य जो मुलगा अर्थ जाणून लिहील, तो पाचवा शब्द स्वतःच शोधायला निघेल.