खोल बुडणारे देवमासे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्राचा पृष्ठभाग तापला काय किंवा निवला काय, हजार मीटर खाली भक्ष्य शोधणाऱ्या देवमाशाला त्याचं काय? प्रश्न रास्त वाटतो, पण पहिली गल्लत इथेच होते. स्पर्म व्हेल साधारण 400 ते 1,200 मीटर खोल जाऊन मुख्यतः माकूल खातो. एका बुडीत पाऊण तास सहज जातो. मात्र ती माकुलं ज्या अन्नसाखळीवर पोसतात, तिची सुरुवात उजेडातल्या प्लवकांपासून होते. शिवाय बहुतेक माकुलं वर्ष-दोन वर्षंच जगतात. त्यामुळे वरची साखळी तुटली की खाली टंचाई जाणवायला फार काळ लागत नाही.

गालापागोस बेटांभोवती हे नीट पाहता आलं. पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहणारा थंड प्रवाह इसाबेला आणि फर्नांडिना बेटांना पश्चिमेकडून धडकतो आणि पोषकद्रव्यांसह वर येतो. एल निनोच्या काळात हा पुरवठा मंदावतो आणि पाणी कोमट होतं. देवमाशांचे अभ्यासक हॅल व्हाइटहेड आणि त्यांचे सहकारी 1985पासून तिथल्या स्पर्म व्हेलमागे शिडाच्या बोटीतून फिरत होते. देवमाशाचं पोट भरलंय की नाही, हे कळणार कसं? शेपूट उचलून तो बुडी मारतो तेव्हा पाण्यावर विष्ठेचा तपकिरी डाग उरतो का, याची ते नोंद करत. युक्ती ओंगळ, पण बिनतोड. 1987च्या कोमट पाण्यात असे डाग फारच कमी दिसले.

यावरून ‘स्पर्म व्हेलला गरम पाणी सोसत नाही’ असं म्हणणं चूक आहे. माद्या आणि पिल्लं मुख्यतः उष्ण आणि उबदार पाण्यातच राहतात, तर मोठे नर बर्फाच्या काठापर्यंत जातात. अडचण तापमानाची नसून अन्नाची असते. खोल पाण्यात प्राणवायू कमी झाला की देवमासा गुदमरतो, हीही अशीच एक समजूत. तो श्वास हवेतून घेतो, आणि बुडीसाठी लागणारा प्राणवायू रक्तात व स्नायूंत साठवून नेतो.

‘दिसेनासे झाले म्हणजे मेले’ हा निष्कर्षही घाईचा. 1990च्या दशकात गालापागोसभोवतीचे स्पर्म व्हेल झपाट्याने कमी झाले. शेपटीच्या कडेवरच्या खाचांवरून प्रत्येक प्राणी ओळखता येतो. त्यावरून त्यांतले काही पुढे कॅलिफोर्नियाच्या आखातात आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ सापडले. तिथे देवमाशांच्या शिकारीने मोकळ्या झालेल्या पाण्याने त्यांना ओढून नेलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे सगळा दोष एल निनोच्या माथी मारून चालणार नाही.

2013-14मध्ये गालापागोसला पुन्हा कळप दिसले. जुनेच परतले असं कुणालाही वाटलं असतं, पण एकमेकांना साद घालताना ते करतात त्या टिकटिकीची लय वेगळी होती. प्रत्येक कुळाची अशी स्वतःची लय असते आणि ती पिल्लं मोठ्यांकडून शिकतात. जुन्या दोन कुळांच्या जागी आता दुसरीच दोन कुळं आली होती. माझ्या मते इथेच पाण्याच्या तापमानाचे नकाशे तोकडे पडतात. कुठलं पाणी सोयीचं हे ते सांगतील, तिथे कोण येईल हे सांगणार नाहीत.

आपल्याकडचा गैरसमज स्पर्म व्हेलच्या शरीरात तयार होणाऱ्या अंबरचा. कोकणच्या किनाऱ्यावर अंबरचा गोळा सापडला, की जवळपास स्पर्म व्हेल असणार असं लोक धरून चालतात. मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर पसरली आहे, आणि या देवमाशाचं खोल पाणी तिच्या पलीकडे सुरू होतं. अंबर मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं तरंगत येऊ शकतं. बातम्यांत त्याला ‘उलटी’ म्हणतात, पण ते तयार होतं आतड्यात. ते कुणी विकायला आणलं तर घेऊ नका; वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे.