मुबारक, कबूल, माफ

ईदच्या दिवशी भेटल्यावर काय म्हणायचे, हे कुराणात सांगितलेले नाही. पैगंबरांचे सोबती एकमेकांना 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम' म्हणत, म्हणजे अल्लाह आमचे आणि तुमचेही कबूल करो, एवढे परंपरेत नोंदलेले आहे. बाकीचे काम जगभरच्या भाषांनी केले. त्यांनी ते किती आपुलकीने केले, हे मराठी वाचकाला कळावे असे मला मनापासून वाटते. कारण या शुभेच्छांमधले मुख्य तिन्ही शब्द, मुबारक, कबूल आणि माफ, आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

'ईद मुबारक' आपल्या परिचयाचे. त्याला 'खैर मुबारक' असे उत्तर द्यायचे असते, हे मात्र शेजारी राहूनही अनेकांना ठाऊक नसते. पश्तूनांमध्ये ईदला अख्तर म्हणतात, म्हणून तिथे 'अख्तर दे मुबारक शा'. केरळात ईद म्हणजे 'पेरुन्नाळ', मोठा दिवस. तिथले ख्रिस्ती लोक चर्चच्या उत्सवालाही हाच शब्द वापरतात. बंगालीत तर शुभेच्छेच्या आधी गाणे येते. काझी नजरुल इस्लाम यांनी १९३१ मध्ये लिहिलेले आणि अब्बासउद्दीन अहमद यांनी गायलेले ईदगीत चंद्र दिसला की बांगलादेशात जिकडेतिकडे लागते.

कझाक माणूस 'ओराझा आयत कबिल बोलसिन' म्हणतो. यातला 'कबिल' म्हणजे आपले कबूल. महिनाभर उपास केले, ते स्वीकारले जावेत, एवढेच मागणे.

अरब देशांत परतून येण्याची ओढ दिसते. आखाती देशांत 'असाकुम मिन उव्वादा' म्हणतात: हा दिवस पुन्हा ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांत तुम्ही असा. इजिप्तमध्ये पुरुषाला 'कुल्ल सना वेन्ता तय्यिब' आणि बाईला 'कुल्ल सना वेन्ती तय्यिबा' म्हणतात, वर्षानुवर्षे सुखरूप असा. हेच वाक्य वाढदिवसालाही चालते आणि कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या नाताळलाही.

तुर्कस्तानात ईदला बायराम म्हणतात. लहान मुले थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात. तुर्की भाषा संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली आणि भाषाशुद्धीने जोर धरला; अरबी 'मुबारेक'च्या जोडीला अस्सल तुर्की 'कुतलू' आला. आज दोन्ही चालतात, घाईत नुसते 'इयी बायरामलार'. गंमत बोस्नियात आहे. तिथली भाषा स्लाव्ह कुळातली, उस्मानी राजवट १८७८ मध्ये संपली, तरी ईदला तिथे 'बायराम शेरिफ मुबारेक ओल्सुन' असेच म्हणतात आणि 'अल्लाह राझी ओल्सुन' हे उत्तरही तुर्कीतच येते.

मला सर्वांत जास्त भिडतात त्या इस्लामी जगाच्या दोन टोकांच्या चाली. पश्चिमेला सेनेगलमध्ये वोलोफ भाषेत 'देवेनाती' म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा. पण त्याच भेटीत 'बाल मा' हेही म्हणायचे असते: मला माफ कर. समोरचा म्हणतो, मी माफ केले, अल्लाह आपल्या दोघांनाही माफ करो. संध्याकाळी नवे कपडे घातलेली मुले घरोघर जाऊन पैसे गोळा करतात.

हजारो मैल पूर्वेला इंडोनेशियातही क्षमाच मागतात. 'सलामत इदुल फित्री' म्हटल्यावर 'मोहोन माफ लाहिर दान बातिन' येते, म्हणजे उघडपणे आणि मनातल्या मनात जे काही चुकले त्याची माफी असावी. आपल्याकडे पर्युषणानंतर जैन मंडळी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, त्याची आठवण होते. 'मोहोन माफ'च्या आधी पुष्कळदा 'मिनल आइदिन वल फाइझिन' हे अरबी शब्द जोडतात. त्यांचा अर्थ परतणाऱ्यांत आणि यशस्वी होणाऱ्यांत असणे. पण सतत माफीच्या सोबतीने उच्चारल्यामुळे त्यांचाही अर्थ 'माफ करा' असाच आहे, असे तिथे पुष्कळांना वाटते.

जावामध्ये ही माफी नुसत्या शब्दांची नसते. धाकटी माणसे आईवडिलांपुढे गुडघे टेकतात, मस्तक त्यांच्या मांडीवर ठेवतात आणि वर्षभराच्या चुका बोलून दाखवतात. याला 'सुंगकेमान' म्हणतात. शहरांत कामाला गेलेले कोट्यवधी लोक ईदआधी रेल्वे, बोटी, मोटारसायकली, मिळेल त्या वाहनाने गावी निघतात. या प्रवासाला 'मुदिक' असे नाव आहे. महामार्गांवर तासन्‌तास कोंडी होते. मोबाइलवर माफीचे संदेश जातातच, पण आईची माफी फोनवर मागून कुणाचे समाधान होत नाही.

घराबाहेरच्या उरलेल्यांसाठी 'हलाल बिहलाल', म्हणजे माफीचा मेळावा आहे. शब्द अरबी असले तरी ही प्रथा इंडोनेशियाची. १९४८ मध्ये देशातले पुढारी आपापसांत भांडत असताना नहदलातुल उलमा या मुस्लिम संघटनेचे वहाब हसबुल्लाह यांनी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना सुचवले की ईदच्या निमित्ताने सगळ्यांना बोलवा आणि एकमेकांची माफी मागायला लावा, असे तिथे सांगतात. आता कचेऱ्या, शाळा, मोहल्ले, जुने विद्यार्थी असे सगळेच हे मेळावे भरवतात. साहेब आणि शिपाई एका रांगेतून हात जोडून पुढे सरकतात. ईदच्या दिवशी ज्यांची गाठ पडली नाही, त्यांना ईदने सुरू होणारा शव्वाल महिना संपेपर्यंत माफी मागता येते.