कडू खाल्लं म्हणून साखर उतरत नाही

घरात कुणाला ‘शुगर निघाली’ की आठवड्याभरात सल्ले गोळा होतात : सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी, वर जांभळाच्या बियांची पूड. सांगणाऱ्यांची माया खरी असते. या वनस्पतींत काहीच नाही, असंही नाही. पण त्या सल्ल्यांबरोबर काही समज असे येतात की त्यांपायी माणूस गोळ्या बंद करून बसतो.

गैरसमज : गोळी म्हणजे केमिकल, पाला म्हणजे निसर्ग.

टाइप २ मधुमेहात जगभर दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी मुळात एका झुडपाचीच नातलग आहे. युरोपातल्या गॅलेगा या शेंगवर्गीय वनस्पतीतल्या गॅलेजिनने रक्तातली साखर उतरते, पण ते विषारी. ही वनस्पती चरून मेंढ्या दगावतात. त्याच्याशी रचनेने मिळतंजुळतं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्सच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी त्याचे रुग्णांवरचे परिणाम प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन १८३५ साली वेगळं काढलं गेलं. त्यामुळे मूत्रपिंड साखर परत शोषून घेत नाही, ती लघवीवाटे जाते. पण पोटातून घेतलं तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. त्याच्या रचनेत बदल करत डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं यायला पावणेदोनशे वर्षं गेली. निसर्गाने दिशा दाखवली. मात्रा आणि सुरक्षितता माणसाला शोधावी लागली.

गैरसमज : कडू खाल्लं की रक्तातलं गोड कमी होतं.

चवीचा इथे संबंध नाही. मेथीदाण्यातला चिकट तंतू पाण्यात फुगतो आणि आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या प्रयोगांत रोजची मेथी २५ ते १०० ग्रॅम होती, चमचाभर नव्हे. गुडमारचं पान चावल्यावर साखर वाळूसारखी लागते, कारण जिभेवरची गोडाची जाणीव काही काळ बंद होते. जीभ फसली म्हणून रक्त फसत नाही.

‘संशोधनात सिद्ध झालंय’ हेही तपासून घ्यावं. बरेचसे प्रयोग उंदरांवरचे असतात. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी आधी नष्ट केलेल्या असतात. माणसांवरचे प्रयोग लहान आणि थोड्या आठवड्यांचे. कारल्याबाबत २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने पुरेसा पुरावा नसल्याचाच निष्कर्ष काढला.

गैरसमज : नैसर्गिक आहे, अपाय कसला?

हा सर्वांत घातक. कडू निघालेल्या दुधीत कुकर्बिटासिन ही विषारी द्रव्यं असतात. अशा दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, रक्तदाब कोसळल्याच्या घटना भारतात घडल्या, मृत्यूही झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमावी लागली. दुधीचा तुकडा आधी चाखावा, कडू लागला तर टाकून द्यावा. कारल्याच्या रसात दुधीचा रस मुळीच मिसळू नये, कारण मग दुधीचा कडूपणा कळतच नाही. काही ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखं अ‍ॅलोपॅथीचं औषध लपवून घातल्याचंही तपासण्यांत आढळलं आहे; अशा पुडीने साखर एकदम खाली जाऊ शकते.

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. कारल्याची भाजी जरूर खा, मेथीही खा. पण चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, आणि घेत असलेला प्रत्येक रस, प्रत्येक चूर्ण डॉक्टरांना न लाजता सांगा.