नुसती बीट

वाशिममध्ये नाइट क्लब नाही. रात्री मोकळेपणाने नाचायचं तर लग्नाची वरात हवी, गणपतीचं विसर्जन हवं, सेवालाल जयंती हवी, नाहीतर चौदा एप्रिल. नाचायची जागा म्हणजे डांबरी रस्ता आणि क्लबचं काम करते ती डीजेची गाडी. लग्नसराईत अशाच एका गाडीवर, ऑपरेटरच्या शेजारी, मी उभा राहिलो. हाउस म्युझिक ऐकत आलो होतो बरीच वर्षं, पण ते चालतं कसं हे तिथे कळलं.

गाडी भरण्यातच अर्धी दुपार जाते. मालवाहू पिकअप, खाली बेसचे डबे, त्यावर टॉप, मागे जनरेटर, दोन्ही बाजूंना शार्पी लाइट. बेसचे डबे एकमेकांना चिकटूनच ठेवायचे, मध्ये फट राहिली की ऑपरेटर पोरांवर खेकसतो. त्याला पदार्थविज्ञान कुणी शिकवलेलं नाही, पण तो बरोबर आहे. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. शेजारी-शेजारी ठेवलेले डबे तिच्यासाठी एकच मोठा डबा होतात. एवढ्या लांब लाटेला घराच्या भिंती फारशा अडवत नाहीत. म्हणून गाडी पाटणी चौकात असली तरी मागच्या गल्लीतली टिनं थरथरतात. टॉपचा बारीक, टोकदार आवाज मात्र माणसांच्या अंगातच जिरून जातो, त्यामुळे तो डोक्यांच्या वर चढवावा लागतो.

ऑपरेटर मंगरुळपीरकडचा. घरची शेती आहे, सोयाबीन निघालं की हरभरा, आणि लग्नाच्या तिथी लागल्या की सुपाऱ्या. त्याच्यापुढे लॅपटॉप आणि एक कंट्रोलर. हेडफोन एकाच कानाला. बाहेर एक गाणं वाजत असतं, त्या कानात दुसरं. दोन्हींची गती जुळवायची. हाउसची चाल मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके, वरातीची गाणीही तो ओढूनताणून त्याच्या आसपास आणतो. 120ला ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाला पडतो, बत्तीस ठोके म्हणजे सोळा सेकंद. नवं गाणं आत घ्यायचं ते या बत्तीसच्या हिशेबानेच. मध्येच घुसवलं तर गाण्याचं नाव माहीत नसलेला माणूसही नाचता नाचता अडखळतो.

सगळ्यात नाजूक काम बेसचं. दोन गाण्यांचे दोन बेस एकत्र सुटले तर नुसता गाळ होतो. म्हणून तो एका हाताने जुन्याचा बेस खाली आणतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याने नव्याचा वर. पाहणाऱ्याला दिसतात फक्त दोन फिरणारी बटणं. पाय मात्र मोजत असतो, डोळे खाली गर्दीवर असतात. पडद्याकडे तो फार कमी बघतो.

आणि मग फर्माईश. मुंबईच्या चांगल्या क्लबमध्ये डीजेला गाणं सांगायला जाणं असभ्य समजतात. इथे नवरदेवाचा मामा गाडीच्या पायरीवर चढून नोट दाखवतो. तेच गाणं पुन्हा. नाही म्हणायची सोय नाही, कारण उरलेले पैसे मामाच्याच खिशातून यायचे असतात.

ज्या हाउसच्या चालीवर ही वरात नाचते ते संगीत मुळात आलं कुठून, हे त्या मामाला सांगितलं तर तो गाडीवरून उतरेल. 1977 साली न्यूयॉर्कचा फ्रँकी नकल्स शिकागोच्या ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये गाणी लावू लागला. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले कितीतरी समलिंगी; ज्यांना इतर ठिकाणी दारातूनच परत पाठवलं जात असे. 1979च्या 12 जुलैला त्याच शहरात, बेसबॉलच्या मैदानावर, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून जाहीरपणे स्फोटात उडवला गेला. राग नुसत्या गाण्यांवर होता असं मला वाटत नाही, ती गाणी कोण ऐकतं यावरही होता. डिस्को बदनाम झाला, पण त्याचा ठोका ड्रम मशीनमध्ये शिरून जगला आणि वेअरहाउसचंच नाव लावून, ‘हाउस’ म्हणून, फिरू लागला. 2004मध्ये शिकागोने एका रस्त्याला नकल्सचं नाव दिलं.

आपणही यात अगदीच कोरे नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी 1982मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. तबकडी खपली नाही. त्यातल्याच एका यंत्राच्या, टीबी-303च्या, किरकिऱ्या आवाजावर पुढे शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ उभं राहिलं, तेही पाच वर्षांनी. सिंग यांच्या तबकडीची 2010मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा जग चकित झालं.

मुंबईत आज हाउस, स्त्रीवेषात मंचावर येणारे ड्रॅग कलाकार आणि सगळ्यांना उघडं दार असा कार्यक्रम जाहीरपणे होतो. अंधेरीच्या ‘द ललित’ हॉटेलातला ‘किटी सू’ क्लब त्यासाठी ओळखला जातो. त्या मंचावर सुशांत दिवगीकर यांनी ‘रानी कोहेनूर’ हे ड्रॅग रूप सादर केलं. त्या हॉटेलचे केशव सुरी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377च्या खटल्यात याचिकाकर्तेही होते. त्या संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा निकाल 6 सप्टेंबर 2018चा. किटी सूमधल्यासारख्या रात्री मला ड्रॅगच्या झगमगाटापेक्षा डीजेचं गप्प असणं जास्त भावतं. तो माइक घेत नाही, कुणाचं नाव पुकारत नाही. तासन्‌तास शब्दांवाचून नुसती बीट चालते.

हे मी गाडीवर ऑपरेटरला सांगितलं. त्याने मान हलवली. “बराबर हाये भाऊ. गाण्याचे बोल आले का पब्लिक हीरोसारखं नाचते. नुसती बीट ठेवली का ज्याले जसं येते तसं नाचते.”

मग त्याने ते करून दाखवलं. मोठी मंडळी मांडवाकडे सरकल्यावर त्याने शब्द काढून टाकले. फक्त ठोका, टाळीचा आवाज आणि बासरीसारखा एक तुकडा फिरत ठेवला. तोवर पुढे मित्रमंडळी, आणि मागे बायकांचा गोल, त्याभोवती दिरांनी हातात हात घालून केलेलं कडं. ते कडं हळूहळू सैल पडलं. काकू पुढे आल्या. आणि कडेला मोबाइल धरून उभा असलेला एक सडपातळ पोरगा कमरेत लचक देत लावणीच्या अंगाने नाचू लागला. एरवी त्याला ‘बायल्या’ म्हणणारे दोघेतिघे समोरच होते. ते हसले, पण शब्द नसल्यामुळे त्यांनाही काय नाचावं कळत नव्हतं, त्यामुळे हसणं टिकलं नाही. ऑपरेटरने त्याच्याकडे बघून बत्तीस ठोके आणखी वाढवले. तेवढ्यात मामा परत आला.

मी याला क्रांती म्हणणार नाही. त्याच वरातीत तृतीयपंथी ओवाळणीला आल्या होत्या. त्यांना दोन मिनिटं नाचवलं, व्हिडिओ काढले, पैसे दिले आणि वाट दाखवली. पंगतीत कुणी बोलावलं नाही.

आवाजाबद्दलही गोडवे गाणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा 2000 सालच्या नियमांचा दंडक. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. गाडीवर त्याच्या कितीतरी पुढे आवाज असतो. शंभर डेसिबलला कान पंधरा मिनिटंच सुरक्षित राहतात असा कामगार-आरोग्याचा हिशेब आहे. ऑपरेटर कानात कापूस कोंबतो. कापसाने बेस थांबत नाही. पस्तिशीपर्यंत त्याला ऐकू कमी येऊ लागेल अशी मला धास्ती वाटते, पण इतका बारीक कान असलेल्या माणसाला हे सांगायचं कसं?

तेव्हा सांगायचं ते सुपारी देणाऱ्यांनाच. डबे निम्मे सांगा, ऑपरेटरला कानाचे नीट प्लग घेऊन द्या, आणि फर्माईश थांबवून त्याला अर्धा तास त्याच्या मनाचं वाजवू द्या. ओवाळायला आलेल्यांना पंगतीत बसवा. यातल्या एकाही गोष्टीसाठी वाशिममध्ये क्लब उघडण्याची वाट बघावी लागत नाही.