भरावात गुदमरलेला आंबा
कर्जत-खालापुरात फार्महाऊससाठी मुरमाचा भराव पडतो आणि जुना आंबा शेंड्याकडून वाळू लागतो. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. भरावाखाली त्यांना हवा मिळत नाही.

● बुंध्याभोवतीचा भराव हातानं काढा. मुळं फुटतात तो फुगीर भाग उघडा दिसला पाहिजे.
● घट्ट जमिनीत मोठी मुळं चुकवून पहारीनं भोकं पाडा, कुजलेलं शेणखत भरा.
● पालापाचोळ्याचा ३-४ इंच थर द्या, बुंध्यापासून वीतभर दूर.
● पावसाळ्यात साचणारं पाणी चर खणून काढून द्या.
● सुधारणा दिसायला दोन-तीन वर्षं लागतात.

कायदा : राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार नगरपरिषद हद्दीतलं ५० किंवा अधिक वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं.