पथ्य : काय बंद करायचे, काय खायचे

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न उपचाराचा असतो आणि दुसरा लगेच येतो, "आता काय काय बंद करायचं?" माझ्या थोरल्या वहिनींची केमोथेरपी सुरू झाली तेव्हा माजिवड्यातल्या आमच्या घरी जे जे सल्ले आले ते मी एका वहीत उतरवून ठेवत गेलो. शेजारी, नातेवाईक, वहिनींच्या भजनी मंडळातल्या बायका, कुणीही वाईट बुद्धीने बोलत नव्हते. तीन आठवड्यांत 'बंद करा'च्या पानावर एकोणीस नोंदी झाल्या. साखर, गूळ, दूध, गहू, अंडी, मासे, वांगे, आंबट, तळलेले, आणि पुढे बरेच. 'द्या'च्या पानावर तीनच होत्या. बीटचा रस, गव्हांकुराचा रस, हळदीचे पाणी. पन्नास किलोचे माणूस यावर किती दिवस काढणार?

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. वाचायची सवय आहे आणि एखादी गोष्ट मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडवत नाही, एवढेच भांडवल. ही वही घेऊन मी आधी 'पथ्य' या शब्दाकडेच गेलो. मराठीत पथ्य म्हणजे वर्ज्य गोष्टींची यादी, असा अर्थ आता रूढ झाला आहे. 'पथ्य पाळतो' म्हणजे काहीतरी खात नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातली व्याख्या मात्र निराळी आहे. शरीराच्या मार्गांना, म्हणजे 'पथा'ला, जे बाधत नाही आणि मनाला जे आवडते ते पथ्य, असा तिचा आशय. मनाला आवडण्याची अट त्या व्याख्येतच आहे. आपण नेमकी तीच गाळली.

केमोथेरपीत ही अट किती महत्त्वाची ठरते ते औषधाचे काम समजल्यावर कळते. ही औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण शरीरातल्या काही निरोगी पेशीही तशाच असतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत. केस आणि अस्थिमज्जाही त्याच पंगतीतल्या. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, चव जाते, पांढऱ्या पेशी उतरतात. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तोंडात खिळा धरल्यासारखं वाटतं." पुढे वाचताना कळले की धातूसारखी चव ही जगभरच्या रुग्णांची तक्रार आहे. आम्ही स्टीलचा चमचा काढून लाकडी दिला. थोडा फरक पडला.

अन्न आणि हे औषध यांचे नाते मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा जुने आणि जवळचे आहे. त्याचा एक धागा परळमध्ये सापडतो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करू लागली. गरीब मुसलमान स्त्रियांच्या ताटात जे असे तेच तिने उंदरांना खायला घातले. यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात तो मार्माइट, दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, असे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, त्यावरून फॉलिक अ‍ॅसिड. त्याच १९४१ च्या २८ फेब्रुवारीला हाफकिनच्या शेजारी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

पुढचा भाग अमेरिकेतला. ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखी द्रव्ये दिल्यावर आजार उलट फोफावतो, असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसले. मग त्याचा मार्ग अडवणारे द्रव्य दिले तर? आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत होते. त्यांच्या चमूने तसे द्रव्य, अमिनोप्टेरिन, तयार केले आणि १९४८ मध्ये फार्बर यांनी काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटल्याचे जाहीर केले. आज वापरात असलेले मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. म्हणजे परळच्या अर्धपोटी बायकांना जे द्रव्य मिळत नव्हते, तेच पेशींना वापरू न देणे हे या औषधाचे काम. म्हणूनच मेथोट्रेक्सेट चालू असताना 'ताकदीची' म्हणून दुकानातून आणलेली व्हिटॅमिनची गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नये. फॉलिक अ‍ॅसिड कधी, किती द्यायचे ते तेच ठरवतात. भाजीतल्या पालकाला कुणी घाबरायचे कारण नाही. वनस्पती आणि औषध यांतला फरक सदाफुलीत आणखी स्पष्ट दिसतो. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन मिळते, पण कुंडीतली पाने चावून खाणे म्हणजे मात्रेशिवाय विष घेणे.

साखरेची भीती आली जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांच्या संशोधनातून. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार खर्च करतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवले. ते खरेच आहे. त्यावरून 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते' असा निष्कर्ष लोकांनी काढला, तो मात्र खरा नाही. खाणे बंद केले तरी रक्तातले ग्लुकोज बंद होत नाही. यकृत ते तयार करते आणि त्यासाठी स्नायू मोडते. गाठीच्या आधी माणूस वाळतो. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब वेगळा, तो ठेवलाच पाहिजे. पण चार दिवस काही न खाल्लेल्या बाईच्या हातातून शिऱ्याची वाटी काढून घेणे याला मी पथ्य म्हणणार नाही. वजन फार उतरले तर औषधाची मात्रा कमी करावी लागते, कधी पुढची फेरी लांबते. खरे नुकसान तिथे आहे.

मग द्यायचे किती? सर्वसाधारण मार्गदर्शन असे आहे की दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने. पन्नास किलोला निदान पन्नास ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर बदलतात.) आपल्याकडे आजाऱ्याला भाताची पातळ पेज देतात. पोटाला ती हलकी, पण वाटीभर पेजेत प्रथिने जेमतेम एखादा ग्रॅम. त्याच पेजेत मुगाची डाळ शिजवली, वर तुपाची धार आणि मेतकूट घातले, तर ते जेवण होते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा. दुधातच दोन चमचे दूध पावडर ढवळली की घोट तेवढेच राहतात आणि प्रथिने वाढतात. ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटली, कारण केमोत भूक मोजून चार घासांची असते. ते चार घास पाण्याचे नसावेत.

ठाण्यात मासे मिळतात हे आमचे भाग्य. ताज्या बोंबलात पाणी फार आणि प्रथिने सुरमई-रावसापेक्षा कमी, पण तोंड आलेल्या माणसाला तो चावावा लागत नाही. अडचण होती फोडणीची. तिच्या वासानेच वहिनींना मळमळायचे. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून त्या आतल्या खोलीत दार लावून बसत आणि जेवण निवल्यावर वाढले जाई. दहीभात, कोकमाचे सार, थंड खीर चालायची. तोंडात फोड नसताना लिंबू-आमसुलाने चव थोडी परतते, फोड असताना तेच झोंबते.

संसर्गाबद्दल. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. पूर्वी या काळात फळे-कोशिंबिरी सरसकट बंद करत. तशा आहाराने संसर्ग कमी होतो असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले नाही. धुतलेले, सोललेले, नीट शिजवलेले, ताजे हे महत्त्वाचे. नाक्यावरची पाणीपुरी, कापून ठेवलेले कलिंगड, बर्फ घातलेला उसाचा रस मात्र नको. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर काढा करत बसू नये, रुग्णालयाला फोन करावा.

एकच यादी सर्वांना लागू पडत नाही, याचे उदाहरण बर्फाचे. ५-फ्लुरोयुरासिलची शिरेतली मात्रा एकदम देताना तोंडात बर्फ चघळला तर तोंड कमी येते. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर मात्र थंड घोटानेही घशात काटे टोचल्यासारखे होते. म्हणून शेजारणीच्या दिरांना काय चालले ते विचारण्यापेक्षा आपल्या औषधाचे नाव विचारावे. ग्रेपफ्रूटचा रसही काही औषधांची रक्तातली पातळी बदलतो, तेही विचारून घ्यावे.

आता ज्या दिवशी औषध चढवायचे त्या दिवसाबद्दल. माजिवड्याहून परळ-दादरकडे उपचाराला जाणारे पुष्कळ जण आहेत. रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून धीमी लोकल, सोबत डबा. या डब्यात रुग्णाच्या आवडीचे काहीतरी द्यावे असे घरच्यांना वाटते. इलीन बर्नस्टाइन या अमेरिकन संशोधिकेने १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी वेगळ्याच चवीचे आइस्क्रीम दिले. नंतर त्यांतली बरीच मुले ते नको म्हणू लागली. मळमळीचा दोष शरीर त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थावर टाकते आणि तो राग पुढे टिकतो. हे वाचल्यापासून वहिनींच्या डब्यात साधी इडली किंवा दहीपोहे जाऊ लागले. बोंबील आणि पुरणपोळी त्या दिवशी घरात शिजवायचीच नाही, असे ठरले. बोंबील चौथ्या-पाचव्या दिवशी यायचे, वहिनींनी स्वतः मागितले की.