बॅटरी शून्यावर आणायची गरज नाही

‘नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरू द्या’ हा सल्ला आजही दुकानात ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये सोनीने बाजारात आणली, तिला असल्या सवयीची गरज नाही. उलट शून्यापर्यंत उतरवणे तिला मानवत नाही.

चार्जिंगचे एक आवर्तन म्हणजे एकूण 100 टक्के वापर. आज 50 आणि उद्या 50 टक्के वापरून पुन्हा भरले, तर आवर्तन एकच. आयफोन 14 आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श स्थितीत 500 आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के राहील, असे अॅपल सांगते. आयफोन 15 पासून हा आकडा 1000 आहे.

खरा शत्रू उष्णता. फोन 0 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये वापरावा, ही कंपनीचीच सूचना. विदर्भातल्या मे महिन्यात ती पाळणार कशी, हे मात्र कोणी सांगत नाही! निदान गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात, नकाशा चालू ठेवून चार्जिंग टाळा. उशीखालीही नको. पूर्ण भरलेल्या बॅटरीत व्होल्टेज सर्वाधिक असते. त्यात उष्णतेची भर पडली की आतले रसायन लवकर झिजते.

रात्रभर चार्जिंगने फोन बिघडत नाही, 100 टक्क्यांना तो प्रवाह आपोआप थांबवतो. तरीही सेटिंग्जमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल, तर ती सुरू करा. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली गेली असेल, तर फोन बंद करून थेट दुरुस्तीला द्या.